भुऱ्याचे दोन शेवट

कुंदा,

शाळेतल्या शोकसभेत तुझ्याबद्दल जे जे बोललं गेलं ते सगळं खरं होतं, आणि त्यात तू कुठेच नव्हतीस. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, विद्यार्थीप्रिय. जो उठे तो माईकपाशी जाऊन हेच म्हणे. तू मागच्या रांगेत माझ्या शेजारी असतीस तर मला कोपर मारून विचारलं असतंस, "हे कोन बाई हाय वं? आपल्या शाळेत होती काय?" मुख्याध्यापकांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना वाटलं मला भरून आलं. खरं तर मी चिडले होते. इतक्या वर्षांचं आपलं भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलीस आणि माझ्यासमोर हार घातलेला फोटो ठेवलास. त्या फोटोत तू मोरपंखी साडी नेसून, ओठ मिटून बसली आहेस. ओठ मिटून तू कधी बसलीस, सांग बरं?

म्हणून आज रविवारी, घरातली जेवणं आटोपल्यावर, लिहायला बसले आहे. तू कुठं शिकलीस, कधी नोकरीला लागलीस, हे मी लिहिणार नाही. मला त्या कुत्र्याबद्दल बोलायचं आहे.

हे उद्या कुणी तिसऱ्यानं वाचलं तर त्याला कळावं म्हणून थोडं सांगते. आपल्या शाळेच्या कपाटात एक जुनी कादंबरी आहे, लहान मुलांसाठी लिहिलेली. आपल्या आईबापांनी ती वाचली, आपण वाचली. किसना नावाच्या धनगराच्या पोराला नाल्याकाठी एक कुडकुडणारं पिल्लू सापडतं. बाप म्हणतो, आपल्याकडं राखणीला कुत्रं आहे, आणखी एका तोंडात भाकर घालायला मी बसलो नाही. किसना पिल्लाला लोकरीच्या ढिगात लपवून वाढवतो. रंगावरून त्याचं नाव भुऱ्या. पुढं भुऱ्या भाकरी पळवतो, जत्रेत हरवतो, लांडग्याच्या अंगावर जातो, तरी बाप त्याला नुसतं 'ते कुत्रं' म्हणतो. शेवटच्या प्रकरणात पूर येतो. वाहत चाललेलं कोकरू धरायला किसना पाण्यात उतरतो. भुऱ्या त्याचा सदरा दातांत धरून त्याला काठाकडं ओढतो. किसना वाचतो, भुऱ्या धारेला लागतो. दुसऱ्या दिवशी तो नदीच्या खालच्या वळणावर मिळतो. तेव्हा बाप कुदळ घेतो, स्वतःच्या हातानं खड्डा खणतो, किसनाला जवळ घेतो, आणि माती लोटायच्या आधी पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारतो. भुऱ्या.

तू हे पुस्तक दर वर्षी चौथीला वाचून दाखवायचीस. शनिवारी, सकाळच्या शाळेच्या शेवटच्या तासाला. मी नवीनच बदलून वरवटला आले होते. माझी तिसरी आणि तुझी चौथी यांच्या मध्ये नुसता लाकडी पडदा. माझी मुलं गणितं टाकून पडद्याला कान लावून बसलेली बघितली आणि मी तुला सांगायला आले, मॅडम, जरा हळू. तू पुस्तक हातात धरून वर्गात भुऱ्यासारखी धावत होतीस. पुस्तकातली भाषा पुणेरी, तुझ्या तोंडून निघताना सगळी वऱ्हाडी. "किसनानं त्याले पोटाशी धरलं अन् म्हने, उगामुगा राय बरं, बापानं आयकलं तं दोघाईचंही काई खरं नाई." मी दारात उभी राहिले आणि तास संपेपर्यंत हलले नाही. माझी तिसरी तेवढ्यात तुझ्या वर्गात शिरून खाली बसली होती.

मी मेहकरची, तू वडनेर भोलजीची. तू म्हणायचीस, तुमच्याकडचे लोक अर्धे मराठवाड्यात राहतात. मी म्हणायची, बाई असून 'मी येतो, मी जातो' म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याच्या बोलण्याला हसू नये. "मंग काय म्हनू? मी येते? तसं तं पाहुने म्हनते." आपली मैत्री अशी भांडणानंच सुरू झाली.

त्या पहिल्या वर्षी तू शेवटचं प्रकरण होतं तसं वाचलंस. मी पडद्याच्या अलीकडून ऐकत होते. प्रकरण संपायच्या आतच एक मुलगी उठून पळत सुटली. रेखा. तिची आई त्याच पावसाळ्यात गेली होती. चपला वर्गाच्या दाराशी ठेवून ती तापलेल्या मैदानातून अनवाणी पळाली आणि पुढं शाळेतच येईना.

त्या चपला घेऊन तू तिच्या घरी निघालीस आणि मलाही ओढून नेलंस. गावाबाहेर, शेताच्या वाटेवर त्यांचं घर. बाप बाजेवर बसलेला, आपल्याकडं पाहून नुसता उठून उभा राहिला. रेखा आत कपाशीच्या गाठोड्याला टेकून बसली होती. तू तिच्याजवळ खाली बसलीस, चपला पुढं ठेवल्यास. चपलांकडं बघत ती म्हणाली, "मॅडम, तो भुऱ्या खरंच मेला काय?"

मी तुझ्याकडं पाहत होते. तू जराही थांबली नाहीस.

"नाई वं. तूच पयाली ना मधातून! पुढचं आयकलं कोठी? तो दुसराच कुत्रा होता. भुऱ्या तं खाली पूर्नेपावतर वाहत गेला, एका भोयाच्या जाळ्यात अटकला. लंगडत लंगडत परत आला तो."

"कवा आला?"

"ते शाळेत सांगीन. सोमवारी ये."

ती सोमवारी आली. तुला तो परतीचा प्रवास रचावा लागला, आणि एकदा रचल्यावर तू पुस्तकातलं शेवटचं प्रकरण पुन्हा कधी वाचलं नाहीस. पूर आला की तू पुस्तक मिटायचीस आणि पुढचं तोंडानं सांगायचीस.

त्या दिवशी परत येताना मी काही बोलले नाही. मुलगी शाळेत येणार होती, एवढं पुरे होतं. पण पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही तू तेच केलंस, तेव्हा मी मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हटलं, "कुंदा, हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाई? भेंडीत मीठ जास्त हाय काय?"

"तू पोरांना खोटं सांगतेस."

"गोष्ट हाय ते. खोटंच असते सगळं. तो किसना तरी कोठी खरा हाय?"

"तुम्ही बौद्ध माणसं नवस मानत नाही, भूत मानत नाही, अंगात येणारीला समोर बसवून प्रश्न विचारता. आणि मेलेला कुत्रा तेवढा उठवता?"

तू हसलीस, घास हातात तसाच. "हे मात्र लागलं बरं, सुनंदा." पण ऐकलं नाहीस.

माझा मुद्दा कुत्र्याचा नव्हताच. तो बापाचा होता. मी तुला सांगून सांगून थकले की भुऱ्याला वाचवायला तू त्या बापाला मारतेस. सगळं पुस्तकभर दगडासारखा वागलेला माणूस शेवटच्या पानांवर कुदळ घेतो, म्हणून तर ते पुस्तक इतकी वर्षं टिकलं. भुऱ्या लंगडत घरी आला की बापाला काही करायला उरतच नाही. तो तसाच तोंड फिरवून बसलेला राहतो.

"बाप तं रोज भेटते पोराईले," तू म्हणायचीस. "कुत्रा कोनाचा परत येत नाई. माह्या वर्गात येते."

"रोज भेटतो तो बाप असा नसतो, कुंदा."

यावर तू एकदा गप्प बसली होतीस. मला वाटलं होतं जिंकले. दुसऱ्या शनिवारी पडद्यापलीकडून तुझा आवाज आला, भुऱ्या पूर्णेच्या काठानं लंगडत निघाला होता. मी माझ्या वर्गाला घेऊन बाहेर निंबाखाली गेले. तेव्हापासून चौथीचा तो एक शनिवार आला की मी मुलांना बाहेर न्यायची. तुझा शेवट मी कधी पूर्ण ऐकला नाही. हट्टानं ऐकला नाही.

आणि तरी कुंदा, माझे वडील गेले तेव्हा मेहकरला पहिली पोचलीस ती तू. एसटी बदलून बदलून, केस विस्कटलेले, हातात बिस्किटांचा पुडा. घरात जो येई तो म्हणे, ते कुठं गेले नाहीत, ते तुमच्यातच आहेत, वरून बघताहेत. तू माझ्याजवळ भिंतीला टेकून बसलीस आणि माझ्या कानाशी म्हणालीस, "जड जाईन, सुनंदा. लय दिवस जड जाईन. खाऊन घेत जाय." बस्स, एवढंच. त्या दिवसांत मला उपयोगी पडलेलं ते एकच वाक्य.

नंतर मी तुला त्यात पकडलं. म्हटलं, मला तर खरं सांगितलंस, मग पोरांना का नाही? तू म्हणालीस, "तू चौथीत होती काय वं?"

मग तुझी किडनी बिघडली. आपल्या या पट्ट्यात ही बातमी कुणाला नवी नसते. एका आळीत दोन घरं सोडली की कुणी तरी आठवड्याला खामगावला डायलिसिसला जाणारं असतंच. खारं पाणी पिऊन पिऊन, म्हणतात. तुझे घरधनी प्रकाशभाऊ शेतात अडकले की मी तुझ्याबरोबर यायची. जाताना बसमध्ये तू खिडकीशी बसून शेतं मोजत बसल्यासारखी बाहेर बघायचीस. येताना तुझ्यात बोलायचं बळ नसायचं. तरी तिथल्या खाटेवर, हाताला नळ्या लावलेल्या असताना, तू शेजारच्या खाटेवरच्या आजींना भुऱ्याची गोष्ट सांगितलीस. आजी म्हणाल्या, "आमच्याकडंबी व्हता असा. मेला." तू तिथंच अडकलीस. आजींना काय सांगावं तुला सुचेना. मी मासिकात तोंड लपवून हसले. तू बघितलंस. "हास, हास," म्हणालीस.

या वर्षी जूनमध्ये तू रजा टाकलीस आणि चौथी माझ्याकडं आली. तुझ्या घरी मी हजेरीचं काही विचारायला आले होते. तू ओसरीवर खुर्चीत, पाय सुजलेले, पण डोळे तसेच.

"शनिवारचा तास सोडू नको," म्हणालीस.

"नाही सोडणार."

"भुऱ्या वाचजो."

"वाचते. पण शेवट पुस्तकातला वाचीन, कुंदा. आधीच सांगते."

तू खुर्चीत सरळ झालीस. "माहा सांग."

"मला तो येत नाही आणि मी सांगणार नाही."

"काऊन इतकी जिद्द करून राह्यली तू? मी मराले टेकली अन् तुले एक गोष्ट सांगता येत नाई माही?"

"मरायचं बोलून मला अडवू नकोस. ते भांडणात चालत नाही."

प्रकाशभाऊ चहा घेऊन दारात आले होते, ते तसेच मागं फिरले. तू माझ्याकडं रागानं बघत राहिलीस, आणि मग तुला खोकला आला, मी पाणी दिलं. पाणी पिऊन तू म्हणालीस, "बरं. आपन पाहू. तो शनिवार येईन तवा पाहू." जणू त्या शनिवारी तू वर्गात उभी राहणार होतीस आणि आपण मुलांसमोर भांडणार होतो. मीही म्हटलं, पाहू.

त्यानंतर मी तुला कितीदा तरी भेटले. पथ्याबद्दल बोललो, तुझ्या सुनेबद्दल, नव्या बदल्यांबद्दल. त्या विषयाला दोघींनीही हात लावला नाही. तो शनिवार यायच्या आत तू गेलीस. लांडग्याच्या प्रकरणापर्यंत आमचं वाचन आलं होतं.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती माहीत नसताना तू गेलीस याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. तुझ्या जलदान विधीच्या दिवशी, बुद्धवंदना संपून लोक जेवायला बसले असताना, मंडपात खाकी गणवेशातली एक बाई आली. खांद्याला कंडक्टरची बॅग. फोटोला फूल वाहिलं, हात जोडले आणि मला शोधत आली.

"सुनंदा मॅडम ना? मी रेखा."

मी तिला ओळखलं नाही, मग एकदम ओळखलं. ती मेहकर आगारात आहे. ड्युटी बदलून घेऊन आली होती. तिला ताट वाढलं, मी शेजारी बसले. ती म्हणाली, "मॅडम नसत्या आल्या त्या दिवशी तं मी शाळा सोडली असती. घरी सैपाक कोन करनार होतं? बाप तं बोलतच नव्हता कोनाशी."

मी म्हटलं, "तुझ्यामुळंच त्या भुऱ्याला दर वर्षी वाचवत राहिल्या."

ती घास थांबवून म्हणाली, "मॅडम, मले माईत होतं ना पन. भुऱ्या मरते ते."

"कधीपासून?"

"त्याच वर्षीपासून. कपाटाची कडी ढिल्ली होती. मी पुस्तक घरी नेलं अन् वाचलं सगळं. बापानं खड्डा खनला तिथलं तं मी किती डाव वाचलं. आमच्या घरी माय गेली तवा मले कोनं जवळ घेतलं नव्हतं. पुस्तकात घेते तो बाप किसनाले."

मी विचारलं, "मग कुंदाला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? मॅडम इतक्या हौशीनं भुऱ्याले परत आनत. अन् त्याईचा शेवटही मले पाहिजेच होता. तोच आयकून मी शाळेत आली ना." मग ती खाली बघून हसली. "मी एकटीच नाई मॅडम. आमच्या वर्गातल्या सगळ्याईनं वाचलं होतं. पाचवीत गेलो की आमी नव्या चौथीले सांगो, कपाटात शेवटचं प्रकरन हाय, वाचून घ्या, पन मॅडमले समजू देऊ नका. मॅडमले वाईट वाटते."

कुंदा, ऐकतेस का? दर वर्षी. तू इतकी वर्षं पोरांना मरणापासून लपवलंस आणि पोरांनी तुला. एका वर्गानं दुसऱ्याला सांगत, कपाट उघडत, पुस्तक जागच्या जागी ठेवत. तू पुस्तक मिटून सांगायला लागलीस की सगळी चौथी तोंड उघडं टाकून ऐकायची ना, पुढं काय होणार ते माहीत नसल्यासारखी? सगळ्यांना माहीत होतं. मी त्या मंडपात बसून आधी रडले आणि मग मला हसू आलं, आणि तुझ्या नणंदेनं माझ्याकडं बघितलं म्हणून मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

रेखा निघताना म्हणाली, "तुमी वाचून दाखवता ना आता? सोडू नका."

मी आठवडाभर विचार केला. मुख्याध्यापक म्हणाले होते, मॅडम, या वर्षी राहू द्या ते, मुलं आधीच कुंदा मॅडमच्या जाण्यानं हळवी झाली आहेत, त्यात पुन्हा कुत्रा कशाला. मी म्हटलं, सर, म्हणूनच वाचायचं आहे. ते माझ्याकडं बघत राहिले. तुझ्यासारखं बोलून कुणाला गप्प बसवायची सवय मला नाही, पण त्या दिवशी जमलं.

काल तो शनिवार होता. मी पूर वाचला. पुस्तक मिटलं नाही. पुढचं पान उलटलं तेव्हा सगळ्या वर्गानं एकमेकांकडं पाहिलं, आणि मला कळलं की रेखाचं म्हणणं खरं आहे, ही चौथीही कपाटापर्यंत जाऊन आली आहे. तरी ते प्रकरण त्यांनी मोठ्यानं वाचलेलं ऐकलं नव्हतं. माझा आवाज खड्ड्यापाशी फाटला. मी थांबले, पाणी प्यायले, पुन्हा त्याच ओळीपासून सुरू केलं. ठरवलं होतं की शेवटच्या शब्दापर्यंत जायचं, आणि गेले. बापानं हाक मारली तेव्हा मीही मोठ्यानं मारली. भुऱ्या. आरोही दप्तरावर डोकं टेकून रडत होती. कुणी पळालं नाही. मी आरोहीजवळ जाऊन बसले आणि तिला रडू दिलं. मीही रडले, कुंदा, मुलांसमोर, आणि आमच्यातल्या कुणाला ते आपण नुसतं कुत्र्यासाठी रडतोय असं वाटलं नाही.

मग सम्यक उठला. तुला आठवेल, तिसरीतच सगळ्यांच्या आधी बोलणारा. "मॅडम, आता कुंदा मॅडमचा सांगा."

"मला तो येत नाही."

"तुमाले नाई येत?" त्याला माझी दया आली असावी. "मंग आमी सांगतो. माह्या भावानं सांगला मले."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. एक सांगे, दुसरा दुरुस्त करे. भुऱ्या वाहत वाहत पूर्णेला लागला, भोयाच्या जाळ्यात अडकला, भोयाच्या बायकोनं त्याला कण्या शिजवून घातल्या. हे मला माहीत होतं. मी मान डोलवत होते. मग सम्यक म्हणाला, "अन् इकडे किसनाचा बाप निंगाला त्याले पाहाले."

मी म्हटलं, "कोण निघाला?"

"बाप."

"नाही रे. भुऱ्या आपला आपण येतो ना? लंगडत?"

"नाई मॅडम!" सगळे एकदम ओरडले. आरोहीनं डोकं वर केलं, नाक पुसलं. "बाप जाते त्याले आनाले. नदीच्या काठाकाठानं. प्रत्येक गावात इचारते, माहा भुऱ्या पायला काय. पयले त्याले नाव घ्यायची लाज वाटते. मंग जोरानं आरडते."

"मंग त्याले खांद्यावर घेऊन येते," सम्यक म्हणाला.

"खांद्यावर नाई, घोंगड्यात," मागून कुणी तरी.

"माह्या ताईच्या टायमाले भुऱ्या एकटाच ये," आरोही म्हणाली. "माह्या टायमापासून... म्हंजे दादाच्या टायमापासून बाप जाते. मॅडमनं बदलवला."

तू बदललास तो शेवट. कधी, ते मला नक्की कळलं नाही. आपण डबे उघडून भांडलो, तू भेंडीवरून टोमणे मारलेस, हरले असं एकदाही म्हणाली नाहीस, आणि शनिवारी वर्गात जाऊन माझ्या बापाला नदीकाठी पाठवलंस. मी तेव्हा माझी मुलं घेऊन निंबाखाली बसलेली. ओसरीवर त्या दिवशी 'माहा सांग' म्हणालीस ते यासाठी होतं का? मी ऐकला असता तर मला समजलं असतं. तुला ते तोंडानं सांगायचं नव्हतं. मला ऐकायचं नव्हतं. बरोबर जोडी होती आपली.

मी आता ठरवलं आहे. पुढच्या वर्षीही पुस्तकातला शेवट मोठ्यानं वाचणार, अख्खा, कुणी काहीही म्हणो. त्यावर मी मागं हटणार नाही, आणि तू असतीस तरी हटले नसते. आणि त्याच तासाला, त्याच्या मागोमाग, तुझा सांगणार. मुलांकडून नीट शिकून घेते आहे.

काल घंटा झाली, बाहेर बाकीच्या वर्गांची मुलं दप्तरं घेऊन फाटकाकडं धावली. मी उठायला लागले. सम्यकनं माझ्या पदराला धरून मला खाली बसवलं.

"बसा ना मॅडम. बाप अजून शेगावच्या पुलापाशीच हाय."